भांबळबाईंचं पुस्तक

चहाला उकळी आली होती आणि मी वेलची कुटत होते. आतल्या खोलीत भांबळबाई वाचत होत्या. त्यांचा आवाज भरदार आणि संथ होता. मला त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, पण रोज ऐकून ऐकून त्यांचं वाक्य कुठे संपणार ते आता समजायला लागलं होतं. त्या दिवशी त्या एका वाक्याच्या मध्येच थांबल्या. पान उलटायला थांबल्या असतील. आणि त्या रिकाम्या जागेत दुसरा आवाज आला.

"वुल्व्हज."

बत्ता माझ्या हातातच राहिला. घोगरा होता, घशात अडकून बाहेर पडल्यासारखा होता, पण आवाज ह्यांचाच होता. दिवाळीपासून मी तो ऐकला नव्हता आणि आता थंडी संपत आली होती.

मी तशीच आत गेले. हे कॉटवर उशांना टेकून बसले होते. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर निपचित. नजर मात्र जिवंत, आणि ती भांबळबाईंच्या तोंडावर खिळलेली. बाईंनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं होतं आणि दोन्ही हात त्यावर घट्ट दाबून धरले होते.

"वहिनी, सर बोलले," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"लांडगे. पुढचा शब्द तोच होता. मी म्हणायच्या आत त्यांनी म्हटला."

मी ह्यांच्याजवळ जाऊन वाकले. "अहो, परत म्हणा ना. माझ्याशी म्हणा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, डावी बाजू वर गेली, उजवी तिथेच राहिली. "हं," एवढंच आलं. आंघोळीला न्यायचं का विचारलं तर 'हं', आमटी भरवली तर 'हं', पाठ चोळून दिली तर 'हं'. इतके दिवस माझ्या वाट्याला तेवढंच येत होतं. मग त्यांची नजर परत पुस्तकाकडे गेली.

चहा उतू गेल्याचा वास आला तशी मी स्वयंपाकघरात परतले. गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छ झाल्यावरही मी तो पुसत होते. आत बाईंनी वाचायला पुन्हा सुरुवात केली होती.

आमचे हे, भूपाल मगदूम, सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. निवृत्त होऊन थोडे दिवस झाले आणि दिवाळीच्या पाडव्याला बस्तीतून, आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन येताना पायरीवरच खाली बसले. अर्धांगवायू. मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. उजवं अंग आणि वाचा मात्र गेली. घरी आणल्यावर एक स्पीच थेरपिस्ट मुलगी आठवड्यातून एकदा यायची. ती म्हणाली, "काकू, त्यांच्याशी सतत बोला. त्यांना आवडतं ते कानावर पडू दे. गाणी, भजन, काहीही."

मी णमोकार मंत्र म्हटला. भक्तामर स्तोत्र लावलं. नांद्र्याच्या आमच्या शेताच्या गोष्टी सांगितल्या. हे छताकडे बघत राहायचे.

मुलगी त्रिशला बेंगळुरूहून आली होती. तीच म्हणाली, "आई, बाबांना आवडतं म्हणजे ते पुस्तक. भांबळ मॅडमना विचार ना वाचायला."

ते पुस्तक म्हणजे एक जुनी इंग्रजी कादंबरी. काळ्या पुठ्ठ्याची, शिवण सैल झालेली. हे ती एम.ए.च्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते आणि दर दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी विचारलं होतं, "संपलेलं पुस्तक परत कशाला वाचायचं?" तर म्हणाले होते, "कोण मरणार ते आधी माहीत असलं ना, की माणसं नीट दिसतात." मला त्यात काही समजलं नव्हतं. पुन्हा विचारलंही नाही.

भांबळबाईंना समजलं असतं. शालिनी भांबळ. मिरजेच्या मिशन कंपाउंडमध्ये राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं, वडील नगरकडचे पाद्री. ह्यांच्याच विभागात त्या लागल्या तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. शनिवारी कॉलेज सुटलं की त्या आमच्याकडे यायच्या आणि बाहेरच्या खोलीत दोघांचं भांडण चालायचं. इंग्रजीत. विषय तेच पुस्तक. हे हातवारे करायचे, त्या शांतपणे एक वाक्य बोलायच्या, की हे खुर्चीतून अर्धे उठायचे. मग दोघं हसायचे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिले की हसणं थांबायचं. मुद्दाम थांबवायचे असं नाही. मला त्यातलं काही कळणार नाही, मग उगीच हसून काय दाखवायचं, अशा सभ्यपणानं थांबायचे. त्या मला 'वहिनी' म्हणायच्या. ह्यांना मात्र कधी 'भाऊ' म्हणाल्या नाहीत, 'सर'च म्हणाल्या. वीस-बावीस वर्षं मी हा हिशेब मनात ठेवून होते आणि कुणाला सांगितला नव्हता.

तरी फोन मीच केला. भांबळबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून चारच्या सुमाराला सिटी बसनं येऊ लागल्या.

'वुल्व्हज'नंतर शब्द येत गेले. एका दिवशी 'विंडो', एका दिवशी 'स्नो'. सगळे इंग्रजी आणि सगळे बाईंच्या समोर. त्या थांबायच्या, हे भरायचे. थेरपिस्ट मुलगी खूश झाली. म्हणाली पाठ असलेलं असंच आधी परत येतं, चालू ठेवा. त्रिशलानं फोनवर ऐकून रडून घेतलं. मी सगळ्यांना आनंदानंच सांगत होते. पण रोज सकाळी ह्यांना खुर्चीत बसवून अंग पुसताना मी हळूच म्हणायची, "मी कोण? म्हणा बघू. रा... राज..." आणि थांबायची, बाई थांबायच्या तशी. हे माझ्याकडे दमलेल्या नजरेनं बघायचे. ती जागा रिकामीच राहायची.

मग मी दुपारी मटार सोलायचं निमित्त करून त्या खोलीतच बसायला लागले. बाई आणि कॉट यांच्या मध्ये बसता येत नव्हतं, म्हणून पायथ्याशी. मटार संपले तर पावटे. पावटे संपले तर निवडलेले तांदूळ परत निवडायचे.

एक दिवस ह्यांना डुलकी लागली तेव्हा बाई स्वयंपाकघरात पाणी प्यायला आल्या.

मी विचारलं, "बाई, त्या पुस्तकात असतं तरी काय?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच विचारत होते.

"भुताची गोष्ट आहे, वहिनी. बर्फाळ मुलखात एक गढी असते. तिचा मालक शंभर वर्षांपूर्वी मेलेला, पण पुरता मेलेला नाही. दिवसा कबरीत असतो आणि अंधार पडला की उठतो. माणसांचं रक्त पितो. खालच्या गावात एक डॉक्टर नवीन येतो, त्याच्या बायकोवर ह्याची नजर जाते. ती बिचारी दिवसेंदिवस पांढरी पडत जाते आणि डॉक्टर असून नवऱ्याला कळत नाही तिला काय झालंय."

"मग त्याला मारतात कसं?"

"क्रूस दाखवला तर तो मागे सरतो. लसूण चालत नाही त्याला. दाराखिडक्यांना लसणाच्या माळा बांधतात."

"आमच्या घरात लसूण येत नाही," मी म्हणाले. "आम्हा जैनांकडे तो अगदी निर्धास्त येईल."

बाई हसल्या. मलाही थोडं हसू आलं. मग त्या पेला विसळत म्हणाल्या, "तसा येता येत नाही त्याला. घरातल्या माणसानं स्वतः बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडू शकत नाही. एकदा बोलावलं की मग मात्र रोज येतो."

त्यांच्या मनात काही नव्हतं. गोष्ट सांगत होत्या. पण मला तो फोन आठवला, आणि त्यांनी विसळून पालथा ठेवलेला पेला त्या गेल्यावर मी पुन्हा घासला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. सकाळपासून मला कणकण होती. ह्यांनी आंघोळीला त्रास दिला, डावा हात झटकून पाण्याचा तांब्या सांडला. दुपारी जेवण भरवलं तेव्हा माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि घड्याळ चारच्या जवळ आलं तसे स्वतःच उशीवर सरकून ताठ बसले, डाव्या हातानं केस मागे सारले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना माझ्यासाठी केस सारखे करताना पाहिलं नव्हतं.

फाटक वाजलं. मी बाहेर गेले आणि दार अर्धंच उघडलं.

"आज झोपलेत," मी म्हणाले.

"बरं. मग थांबते थोडा वेळ. उठतील."

"नको. रात्री झोप नव्हती त्यांना. तुम्हाला उगीच उशीर होईल."

आतून आवाज आला. टण्. मग पुन्हा, टण् टण्. ह्यांच्या डाव्या हातातली अंगठी कॉटच्या लोखंडी दांड्यावर आपटत होती. आम्ही दोघींनी ऐकलं. मी दार सोडलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, आणि खांद्यावरची पर्स सारखी केली.

"ठीक आहे, वहिनी," त्या म्हणाल्या आणि फाटक हळू लावून गेल्या.

मी आत आले तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. संध्याकाळी ताट आणलं, तोंड उघडलं नाही. पेज आणली, ओठ मिटून घेतले. बाहेर उन्हं उतरत होती. आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आजारपणातसुद्धा ह्यांनी ते मोडलं नव्हतं. "अहो, दोन घास घ्या, दिवस चाललाय," मी म्हणत होते. दिवस गेला. ताट मी झाकून ठेवलं, आणि माझंही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. हे सकाळचं थोडं खायला लागले, पण चार वाजले की उशीवर सरकून दाराकडे बघत बसायचे. अंधार पडेपर्यंत. ते आलेले शब्दही गेले. थेरपिस्ट मुलीनं खिडकीकडे बोट करून "काका, हे काय?" विचारलं तर हे गप्प. तिनं मला बाहेर बोलावून विचारलं, "काकू, वाचन बंद केलंत का? मागे गेलेत ते. असं मध्ये तुटू द्यायचं नसतं."

मी फोनजवळ दोन-तीनदा गेले. काय सांगणार होते? झोपलेले नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

शेवटी एका दुपारी मीच पुस्तक घेऊन बाईंच्या खुर्चीत बसले.

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही. मी मॅट्रिक झालेली आहे. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं ह्यांनी हौसेनं शिकवलंही होतं. मग एकदा प्राचार्यांकडे चहाला गेलो होतो. सगळ्या प्राध्यापकांच्या बायका होत्या. महिला मंडळ कधी भरवायचं ते चाललं होतं आणि मी धीर करून म्हणाले, "वेडनेसडे." हे पलीकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वेन्झडे. डी नाही, राजमती." कुणी वाईट हसलं नाही. प्रेमानंच हसले. पण मी घरी येऊन इंग्रजीचं पुस्तक कपाटात ठेवलं आणि त्यानंतर ह्यांच्यासमोर त्या भाषेतला एक शब्द उच्चारला नाही. स्टेशनलासुद्धा मी ह्यांच्यासमोर गाडीअड्डा म्हणायची. ह्यांच्या ते कधी लक्षातही आलं नसावं.

आता मी खूण होती तिथे बोट ठेवलं. अक्षरं बारीक होती. "द डॉक्टर," मी सुरुवात केली, "वॉल... वॉल्केड..." हे दाराकडे बघत होते. "वॉल्केड अप... द हिल..." माझा मलाच आवाज परका वाटत होता, पहिलीतल्या पोरीसारखा. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी वाचत राहिले. एका ओळीला किती वेळ लागत होता कोण जाणे. घाम आला. बऱ्याच ओळींनंतर एक छोटासाच शब्द आला, सोपा वाटला म्हणून मी जरा ठासून म्हटला. "टॉम्ब."

ह्यांचे डोळे उघडले.

"टूम," हे म्हणाले.

मी पुस्तकातून मान वर केली. आणि मग अर्थ कळला तशी मी थंड पडले. टूम. हिनं आता ही कसली नवीन टूम काढलीय, म्हातारपणी इंग्रजी वाचायची, असंच म्हणायचं असणार. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द बोलले तो हा.

"राहिलं," मी म्हणाले. "नाही वाचत. माझी टूम तर टूम." आणि पुस्तक मिटलं.

टण्. अंगठी दांड्यावर आपटली. ह्यांनी डावा हात लांब करून पुस्तक ओढलं. पानं उलटीपालटी झाली. मी परत ती जागा काढून दिली तेव्हा ह्यांनी थरथरतं बोट त्या शब्दाखाली टेकवलं आणि सरकवत सरकवत शेवटच्या अक्षरावर आणलं. कपाळाला आठ्या पडल्या. त्या आठ्या मी ओळखत होते, वर्गातल्या ढ मुलासाठी असायच्या त्या.

"बी," हे म्हणाले. जीभ वळत नव्हती, ओठावर थुंकी आली. "बी... नाही."

मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"बी म्हणायचा नाही?"

"नाही."

"मग काय म्हणायचं?"

"टूम."

"टूम," मी म्हणाले.

हे उशीवर मागे टेकले आणि डाव्या हातानं पुढे वाच अशी खूण केली.

मी पुढे वाचलं. अंधार पडायच्या आत ह्यांनी मला आणखी दोन ठिकाणी अडवलं. 'वॉल्केड'चं 'वॉक्ट' करून घेतलं, आणि जेवताना चटणीकडे बोट करून "ती" म्हणाले. ताटातलं सगळं संपवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसले आणि खूप वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आरगेकाकूंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि मी मिरजेची बस धरली. कशासाठी चालले होते ते मला नीट सांगता आलं नसतं. माफी मागायला म्हणावं तर मनात माफी नव्हती. खरं सांगायचं तर मला त्यांना सांगायचं होतं. ह्यांच्या तोंडून माझ्याशी मराठी शब्द निघाला, हे त्यांच्या कानावर मला स्वतः घालायचं होतं.

मिशन कंपाउंडमध्ये चिंचेखाली त्यांचं छोटं घर होतं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी दार उघडलं, पुरतं उघडलं, आणि "या, वहिनी" म्हणाल्या.

"हे बोलले," मी उंबऱ्यातूनच म्हणाले.

"काय म्हणाले?"

"'बी नाही' म्हणाले."

त्यांना कळेना. मी खुर्चीत बसून सगळं सांगितलं, टूमचा मी भलताच अर्थ काढला तेही सांगितलं, ते ऐकून त्या हसायला लागल्या. तोंडावर हात ठेवून हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आमच्या बाहेरच्या खोलीत त्या वेगळ्या हसायच्या.

"सर म्हणजे सर," त्या म्हणाल्या. "मी चुकत नाही ना वाचताना. म्हणून मला कधी अडवलं नाही त्यांनी. फक्त माझे शब्द पुरे केले." मग चष्मा परत लावत म्हणाल्या, "मला नाही सुचलं हे."

त्यांनी चहा केला. आलं नको ना तुम्हाला, असं आठवणीनं विचारून केला. चहा चांगला झाला होता. माझ्यापेक्षा चांगला झाला होता, आणि तेही मला सोसलं नाही.

"तुम्ही या परत," मी म्हणाले. जिंकल्यावर माणूस मोठं मन दाखवतो, तसं म्हणाले. "मला एक पान वाचायला अख्खी दुपार जाते. तुमचं आवडतं पुस्तक, तुम्ही भराभर वाचाल."

बाईंनी कप खाली ठेवला.

"मला ते पुस्तक आवडत नाही, वहिनी."

"म्हणजे?"

"कधीच आवडलं नाही. आमच्या घरात असलं काही वाचायला बंदी होती. वडिलांनी ते हातात बघितलं असतं तर जाळलं असतं. आणि मोठेपणी वाचलं तेव्हा पोरकट वाटलं मला. भुतंखेतं, रक्त, किंचाळ्या. मला साधी, माणसांची पुस्तकं आवडतात."

"मग इतकी वर्षं भांडत होतात ते?"

"तेच म्हणत होते मी सरांना. की हे वाईट पुस्तक आहे. ते म्हणायचे पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचायची आणि शनिवारी येऊन सांगायची, अजून वाईटच आहे." त्या खिडकीकडे बघत होत्या. "एकदा चांगलं आहे म्हटलं असतं तर वाद मिटला असता. मग शनिवारी कशाला येणार होते मी?"

चिंचेवर पोरं दगड मारत होती. एक दगड पत्र्यावर पडून घरंगळत गेला. बाई उठून बाहेर गेल्या, पोरांना काहीतरी बोलून परत आल्या. तेवढ्या वेळात मी तोंड सारखं करून घेतलं.

"ह्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"सरांना?" त्यांनी जरा विचार केला. "सरांना पुस्तकाशिवाय काय दिसायचं, वहिनी? तुमचंही त्यांना काय दिसलं होतं?"

वीस-बावीस वर्षं मला जे होतं असं वाटत होतं ते होतं, आणि नव्हतंही. त्याचं काय करायचं मला समजेना. मी उठले. दारात त्या म्हणाल्या, "तुम्हीच वाचा. एखाद्या वेळी मी नुसतं ऐकायला येईन. चालेल ना?"

चालेल, असं मी म्हणाले. मनापासून म्हणाले की नाही ते आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी मी ते पुस्तक अखेरपर्यंत वाचलं आणि ह्यांनी लगेच पहिलं पान काढायला लावलं. दुसऱ्या खेपेला मला गोष्ट कळायला लागली. डॉक्टरच्या बायकोचा पहिल्या वेळी मला राग आला होता, आता ती खिडकीशी जाऊन उभी राहिली की वाईट वाटायचं. ह्यांची वाचा पूर्ण कधीच आली नाही, पण घरात चालण्यापुरती आली. पाणी, उशी, त्रिशला, नको. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, 'राज' म्हणून थांबायचे. नवी नवरी होते तेव्हासुद्धा कुणी मला राज म्हटलं नव्हतं. चार वाजले की मात्र दाराकडे बघायची सवय गेली नाही. मी समोर पुस्तक उघडून बसलेली असले तरी एकदा दाराकडे बघून घ्यायचे.

भांबळबाई बऱ्याच महिन्यांनी आल्या. आवळ्याचा मोरावळा घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्यासाठी पायथ्याशी, मी मटार सोलायची तिथे, खुर्ची ठेवली. ह्यांना इतका आनंद झाला की डावा हात उचलून नमस्कारासारखं काहीतरी केलं. मी वाचायला सुरुवात केली, पण ह्यांचं लक्ष नव्हतं. हे बाईंकडे बघत होते. एक पान झालं, दुसरं झालं. आता माझं वाचन बऱ्यापैकी सुधारलं होतं, अडखळत नव्हते. डॉक्टरच्या दारावर कोणीतरी थाप मारतं, तिथवर आले. तो शब्द पुस्तकात पानोपानी होता. मला तो झोपेतसुद्धा आला असता.

"क्नॉक," मी वाचलं.

ह्यांची मान झटकन माझ्याकडे वळली. "नॉक," हे चिडून म्हणाले. "के नाही."

"के नाही?"

"नाही. नॉक."

"नॉक," मी म्हणाले.

मान वर केली तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या. मला तो शब्द येतो हे त्यांना कळलं होतं. त्यांनी काही दाखवलं नाही. हळूच नजर खाली वळवली आणि मांडीवरचा पदर सारखा करत बसल्या. ह्यांचं बोट माझ्या पुस्तकावर होतं आणि नजर माझ्या तोंडावर. मी पुढची ओळ घेतली, आणि त्यातला पहिलाच शब्द चुकवला.